फाटकाच्या आतली वायरलेस गाडी

आमच्या फियाटला मागची सीट नव्हती. म्हणजे होती, पण ती मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. गाडीत तिच्या जागी लकडगंजातून आणलेली सागाची जाड फळी होती, फळीवर लोखंडी अँगलची चौकट, आणि चौकटीत कामठीच्या लष्करी लिलावातून भंगारात निघालेला वायरलेस सेट. डिकीत दुसरी बॅटरी आणि डायनामोटर. गाडीच्या बॅटरीवर फिरून सेटला लागणारा विजेचा मोठा दाब तयार करणारं हे यंत्र सुरू झालं की मागच्या गल्लीतली पिठाची गिरणी बरी वाटायची. स्टेशनवर पाहुणे आणायला गेलं तर एक पाहुणा पुढच्या सीटवर बसायचा आणि बाकीचे रिक्षाने यायचे. असून अडचण, नसून खोळंबा, असं ते वाहन.

ही सगळी करणी माझ्या नवऱ्याची. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते. तोंडावर मात्र जन्मभर 'तुम्ही' आणि 'जी'च म्हटलं. तो आयटीआयमध्ये पोरांना रेडिओ दुरुस्ती शिकवायचा, मी शाळेत गणित शिकवत होते, आणि प्रताप नगरात आमचं छोटंसं घर होतं. तो हौशी रेडिओवाला होता. सरकारची परीक्षा देऊन, मोर्सची टकटक शिकून, स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलायचा परवाना मिळवलेला माणूस. असे लोक त्या काळी नागपुरात बोटांवर मोजण्याइतके होते. गल्लीतल्या बायकांना मी हे समजावून सांगायचा नाद लवकरच सोडला. त्यांच्या लेखी तो गाडीत बसून स्वतःशीच बोलणारा मास्तर होता.

पण ही नुसती हौस नव्हती, हे मला माहीत होतं. त्याचं गाव वैनगंगेच्या काठचं, भंडाऱ्याच्या पुढे. गाव वर आणि आमच्या लोकांची वस्ती खाली. ती नेहमी खालीच असते. नदीने यायचं ठरवलं की आधी आमच्या दारात येते. तो नागपुरात शिकत असताना भर पावसाळ्यात त्याची आई गेली. रस्ता बंद, तारा तुटलेल्या. मोठ्या बहिणीने पाठवलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरला. याला कळलं तेव्हा राख सावडून झाली होती. त्या दिवसापासून पुराच्या वेळी वस्तीतून बाहेर शब्द निघाला पाहिजे, एवढं एकच खूळ त्याच्या डोक्यात बसलं. घरातला सेट त्याच्या कामाचा नव्हता. सेट जिथे पाणी आहे तिथे नेता आला पाहिजे, म्हणून गाडी.

त्याच वस्तीत दिलेल्या त्या बहिणीला तो बाई म्हणायचा, आणि मीही तेच म्हणू लागले. आई गेल्यावर तिने विड्या वळून याचं शिक्षण पुढे नेलं. तंबाखूने तिची बोटं कायमची पिवळी झाली होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आली की ती आमच्याकडेच उतरायची आणि एकदा तरी गाडीत बसून कानाला हेडफोन लावून घ्यायची. गावात जाऊन सांगायची, माह्या भावाची गाडी सरकारशी बोलते. तो तिला समजावायचा, "बाई, सरकारशी नाही बोलत वं, माह्यासारख्याच लोकायशी बोलते." तिला ते पटायचं नाही. एवढी मोठी परीक्षा देऊन माणूस साध्या लोकांशी कशाला बोलेल?

आता खरी गोष्ट. परवान्यावर पत्ता आमच्या घराचा होता, आणि बोलायची मुभा त्या पत्त्यावरूनच. गाडीतून, दुसऱ्या ठिकाणाहून बोलायचं तर दिल्लीची वेगळी परवानगी लागायची. ती त्याने मागितली होती. आठवण केली की विचार चालू आहे एवढंच उत्तर यायचं. कसला विचार चालला होता कोण जाणे. मग त्याने काय करावं, तर गाडी अंगणात उभी करून त्याने तिच्यातून बोलायला सुरुवात केली. फाटकाच्या आत म्हणजे पत्ता तोच, हा त्याचा हिशेब. फाटकाबाहेर निघताना तो एरियलची काठी उतरवून कापडात गुंडाळायचा आणि सेटची वायरही काढून ठेवायचा. उभी गाडी बोलायची आणि चालती गाडी मुकी. मी म्हणायचे, "मंग हे चाकं काहून ठेवले जी? खाली विटा लावा." तो हसायचा आणि वायर काढून ठेवायचा.

जरीपटक्यात त्याचा एक मित्र होता, कापडाचा व्यापारी, तोही हौशी रेडिओवाला. फाळणीत सिंध सोडून आलेला, मनाने दिलदार. घरी फोन असलेला आमच्या ओळखीतला तो एकटाच. तो आला की दर वेळी टोकायचा, "अरे भाई, एक दिन हिंगण्याच्या माळावर चल ना. गाडीतून बोलून पाहा. पाच मिनट का काम. कोण पाहून राहिलं?"

"तुम्ही धरल्या गेले तं दंड भरून मोकळे होता," नवरा एकदा शांतपणे म्हणाला. "मी धरल्या गेलो तं लोक म्हणतीन, पाहा, यायले लायसन देल्लं तं काय केलं यायनं. मंग माह्या मागून येणाऱ्या पोरायले कोण देईन?"

 मी दोघांच्या कपात चहा ओतला. छप्पन साली बापाचं बोट धरून त्याने दीक्षा घेतली होती, आणि कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही हा तेव्हापासूनचा त्याचा पण होता. कायद्याने आपल्याला माणूस केलं, तो आपण मोडायचा नाही. मी काही वेगळी नव्हते. शाळेत माझ्याआधी वर्गात कोणी पाऊल ठेवत नसे, आणि माझ्या फळ्यावर कधी चूक राहत नसे. बाकीच्यांना चुकायची मुभा होती, आम्हाला नव्हती. त्याचा हट्ट मला पुरता कळत होता आणि त्याचा मनस्वी रागही येत होता.

त्या हट्टातून काय झालं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाडीचं एरियल म्हणजे मागच्या बंपरवर चिनी मातीच्या ठोकळ्यात उभी केलेली तांब्याची काठी. काठी मुळात तोकडी पडते, म्हणून तिच्या मध्यावर तारेचं वेटोळं घालून ती उणीव भरून काढायची. वेढे किती घ्यायचे ते मीटरचा काटा पाहून ठरतं. वेढे चुकले तर सेटची ताकद हवेत जात नाही, आतल्या आत तापत बसते. त्याने वेढे ठरवले ते अंगणात. तिथे गाडीच्या पत्र्यापासून अर्थिंगची एक तार नळाच्या लोखंडी पाईपला बांधलेली, आणि तो पाईप साऱ्या वसाहतीच्या जमिनीखालून गेलेला. काटा जागेवर आला तसे त्याने सगळे जोड सोल्डर केले, वर लाखेचं व्हर्निश दिलं आणि मेणाचे थर चढवले, खेड्यातल्या रस्त्यावर हादरून सुटू नयेत म्हणून. इतकं सुबक काम मी दुसरं पाहिलेलं नाही. दर रविवारी सकाळी तो त्या गाडीतून हैदराबादशी बोलायचा, कलकत्त्याशी बोलायचा. ते सगळं नळाच्या जिवावर चाललं होतं. फाटकाबाहेर एकदा बोलून पाहिलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. पण फाटकाबाहेर बोलायची परवानगी नव्हती.

आणीबाणी उठून गेल्यानंतरच्या एका वर्षी, पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळच्या बातम्यांत वैनगंगेचं नाव आलं. भंडाऱ्यापुढचे टेलिफोन बंद पडले होते. तो अर्धा चहा तसाच ठेवून उठला. नळाची तार सोडली, आणि एरियलची काठी कापडात न गुंडाळता तशीच बंपरवर राहू दिली. मी दारात उभी होते.

"परवानगी?" मी विचारलं.

"नाही आली तं नाही आली. बाई खाली आहे."

इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? जाता जाता तो जरीपटक्यात मित्राला सांगून जाणार होता. हा तिकडून बोलेल, मित्र ऐकेल, आणि फोन करून पुराच्या कंट्रोल रूमला नाव पाठवायला सांगेल. सरकारी नावा भंडाऱ्यात येऊन थांबल्याचं बातम्यांतच सांगितलं होतं. मित्राचं काही निसटलं तर म्हणून घरच्या सेटवर मी ऐकत बसायचं. मला ऐकायची मोकळीक होती, बोलायची नव्हती, परवाना त्याचा.

मी शाळेत निरोप पाठवला आणि हेडफोन लावून बसले. नुसती खरखर. मधून मधून मित्राचा आवाज यायचा, तो याला हाक मारत राहायचा आणि मग ऐकायला थांबायचा. त्या थांबण्यात मी कान टवकारून बसायचे. काही नाही. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. दुपारी त्याच लहरीवर लांबचे कोणी दोघे येऊन एकमेकांच्या एरियलची चौकशी करू लागले, तशी मित्राने त्यांना हिंदीत असं काही झापलं की ते माफी मागून निघून गेले. मला वाटलं गाडी रस्त्यातच बंद पडली असेल. मग वाटलं वाहून गेली असेल. स्वयंपाकघरात कणीक मळून ठेवली होती, ती आंबली. हाताशी सगळं यंत्र होतं, समोर माईक होता, आणि मी गणिताची बाई, नुसती ऐकत होते.

तिकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्याने. त्याने सलग कधीच सांगितलं नाही.

रस्ता एका टेकाडावर संपला होता. पुढे नाला नदीला मिळाला होता आणि पलीकडे पाण्याच्या मधोमध वस्ती उरली होती. समाजमंदिराच्या कवेलूच्या छपरावर माणसं दिसत होती. हाक पोचणार नाही, पण लुगड्याचा रंग कळेल, एवढं अंतर. बाईचं हिरवं लुगडं त्याने ओळखलं. तिने हात वर केला. यानेही केला. मग त्याने डायनामोटर चालू केलं, आणि मीटरचा काटा उठला नाही.

कारण त्याला लगेच कळलं. तो शिकवायचाच ते. नळ नव्हता. त्याने चिखलात लोखंडी सब्बल ठोकून तार तिला बांधली. काटा थोडा हलला, पुरेसा नाही. वेढे बदलायला हवे होते, आणि ते मेणाखाली, व्हर्निशखाली पक्के बसले होते, त्यानेच बसवलेले. ब्लेडने खरवडून नुसती तार गुंडाळून पाहिली तर पावसात ठिणग्या उडायला लागल्या. सोल्डरिंग आयर्न विजेवरचं, आणि वीज गेलेली. टेकाडावर चहाची एक बंद टपरी होती. तिच्या मालकाला त्याने घरून बोलावून आणलं, स्टोव्ह पेटवून घेतला, आणि त्या ज्योतीवर स्क्रूड्रायव्हर तापवून एकेक जोड वितळवत, पुन्हा जोडत, काटा पाहत बसला. वारा स्टोव्ह विझवायचा. तो पुन्हा पेटवायचा.

भंडारा मागे तासाभराच्या वाटेवर होता. परत फिरून तोंडाने सांगितलं असतं तरी दुपारपर्यंत नाव आली असती. हे मी त्याला एकदा म्हटलं, रागाच्या भरात. तो म्हणाला, "दर डावाले वाटे, आता लागते." वायरलेसच्या माणसाला असंच वाटतं, आता हा एक जोड आणि मग लागलंच. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि बाई पाहून राहिली होती. तिच्या डोळ्यादेखत गाडी फिरवून कसा जाऊ?" दुपार कलली तेव्हा मागचा ओढाही चढला. मग परत फिरायचा प्रश्नच राहिला नाही.

दिवेलागणीला माझ्या कानात त्याचा आवाज आला. दुरून, खोल, मधले शब्द गळालेले. वस्ती, समाजमंदिर, छपरावर, नाव पाठवा. मी जागच्या जागी उभी राहिले आणि हेडफोनची वायर ओढली जाऊन सेट टेबलावरून पडता पडता राहिला. मित्राने ते पकडलं. आनंदाने त्याचा आवाज फाटला होता, "मिला, मिला," एवढंच तो म्हणत होता. त्याने फोन केला. पलीकडून उत्तर मिळालं, आता अंधारात त्या ओढीत नाव सोडता येणार नाही, उजाडताच पाठवतो. ते खरंच होतं. मी पुष्कळ जणांवर चिडले आहे, पण त्या फोनवरच्या माणसावर मला कधी चिडता आलं नाही.

उजाडताच नाव गेली. समाजमंदिराची मातीची भिंत आदल्या संध्याकाळीच बसली होती, तो आम्हाला शब्द पोचवत होता त्याच सुमाराला. छप्पर पाण्यात गेलं. बाई आणि आणखी दोन म्हाताऱ्या. तिघीही खालच्या अंगाला बाभळींत सापडल्या. बाकीची वस्ती आधीच निघाली होती म्हणून वाचली.

मागचा ओढा उतरल्यावर मी बसने गेले. वंदना झाली, अग्नी दिला. नवरा रडला नाही. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याचे फोड होते आणि तो ते दाबत होता. गावातले लोक येऊन त्याला म्हणत होते, बाबू, तू तरी आला, दुसरं कोणी आलं नाही. तो प्रत्येकाला हात जोडत होता. परवानगी न घेता गाडीतून बोलल्याबद्दल त्याला कोणीच काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. कोणाचं लक्षच नव्हतं. ज्या बोटांना तो जन्मभर भ्याला ती त्या दिवशी त्याच्याकडे वळलीच नाहीत. मला दिल्लीचा राग येतो, नवऱ्याचा येतो, पण सगळ्यात जास्त राग त्या न पाहिलेल्या लोकांचा येतो, ज्यांच्यासाठी आम्ही दोघं इतकी वर्षं नीट वागलो.

दिल्लीची परवानगी शेवटपर्यंत आली नाही. सेट गाडीतच राहिला. रविवारी जरीपटक्याचा मित्र हाक मारायचा, घरच्या सेटवर मला ऐकू यायची, पण नवरा उत्तर द्यायला उठत नसे. मित्राने काही महिने हाक मारली. मग तो घरीच येऊ लागला, नुसता बसून जायचा.

बाईचा नवरा, आमचे भाऊजी, दिवाळीच्या आधी आमच्याकडे आले. मुलगा आणि सून भिलाईला कामावर, म्हणून नातवंडं या दोघांपाशीच असायची. पोरांना आता शेजारी ठेवून ते आले होते. पुरात ते पोरांसह वाचले होते एवढंच आम्हाला ठाऊक होतं, कसे ते आम्ही विचारलं नव्हतं. दोघं जेवायला बसले. मी वाढत होते. नवरा भात नुसता चिवडत होता. भाऊजी भोळा माणूस, त्यांना वाटलं असेल याच्या मनावरचं ओझं थोडं कमी करावं.

"मनाले लावून घेऊ नको गा," ते म्हणाले. "बाई शेवटपर्यंत भेली नाही. ढिवराचा डोंगा होता ना, तो मागच्या अंगानं वरच्या गावात माणसं नेऊन राहिला होता. शेवटच्या खेपेले मी बसलो पोरायले घेऊन. डोंग्यात जागा होती अजून."

नवऱ्याचा हात थांबला. "मंग?"

"नाही बसली. म्हणे, पाण्याले लय ओढ आहे, हा डोंगा उलटला तं काय करता? ते पाहा, तिकडं माहा भाऊ आला गाडी घेऊन, सरकारशी बोलून राहिला. आता मोठी नाव येते, मी तिच्यातच बसतो. त्या दोघी बुढ्या बी तिच्यापाशीच थांबल्या." भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुह्या भरवशावर निश्चिंत होती ती."

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं. नवरा ताटाकडे पाहत होता.

"मी बोलून नव्हतो राहिलो, भाऊजी," तो म्हणाला. "मी तार जोडून राहिलो होतो."

भाऊजींनी भातावर वरण ओतून घेतलं आणि कालवायला लागले. यातला फरक त्यांना काही कळला नाही.

"तेच ते," ते म्हणाले.